पहिल्या पानावरचा काळा अंगठा

प्रिय सुकलाल,

तुझ्या आईची ती हाक अजून माझ्या कानात आहे. मी तेव्हा नुकताच तुमच्या गावच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो होतो. सातपुड्याच्या पायथ्याची दोन खोल्यांची शाळा, पलीकडे नाला, नाल्यापलीकडे तुमची वस्ती. हिवाळ्यातली कलती दुपार होती आणि मी चौथीला संध्याकाळची एक कविता शिकवत होतो. गुरं परत येतात, पाखरं घरट्याकडे वळतात, तशातली. डोळे मिटून चालीवर म्हणत होतो. माझी खोडच ती. तेवढ्यात नाल्यापलीकडून हाक आली. दोन लांब सूर, मग एक आखूड, आणि शेवटचा उंच चढून एकदम तुटलेला. मी डोळे उघडले तर अर्धा वर्ग गायब! पाट्या तशाच, दप्तरं तशीच, आणि माझी पाखरं नाल्यातून पळत सुटलेली.

तू त्या दिवशी शाळेच्या छपरावरची फुटकी कवेलू बदलत होतास. वरून हसलास.

"गुर्जी, तुमच्या कवितेपक्षा आमच्या मायची कविता जास्त चालली!"

"काय म्हणाली रे ती?"

"काय म्हनन? घरी या, भाकर झाली."

त्याच आठवड्यात बाजारातून दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर ती हाक लिहिली, जशी ऐकली तशी. समोर अर्थ लिहिला: घरी या, भाकर झाली. तुमच्या निहाली बोलीची माझी वही अशी सुरू झाली.

आता इतक्या वर्षांनी, तू गेल्यावर, तुला पत्र का लिहितोय? कारण उद्या सकाळी विद्यापीठातली, बोलींचा अभ्यास करणारी एक मुलगी येणार आहे. वही मागणार आहे. तिला ती छापायची आहे. आणि मला ठरवता येत नाही की वही तिच्या हातात द्यावी की चुलीत घालावी. खरं काय ते एकट्या तुला ठाऊक होतं, आणि तू तर आता नाहीस. असतास तरी सांगितलं असतंस का, याचीही मला आता खात्री नाही.

सुमन मघाशी चहा ठेवून गेली. पत्राचा मायना वाचून म्हणाली, "काऊन हो, मेलेल्या मानसासंग भांडून राह्यले का?"

"भांडत नाही. विचारतोय."

"मंग जितेपणी काऊन नाही इचारलं?"

मी पेन पुन्हा हातात घेतलं. 

आपला सौदा आठवतो? शाळा सुटली की ओट्यावर बसायचो. तू बांबूच्या कामट्या काढायचास, मी वही उघडायचो. एका कडव्याला एक शब्द. मी चालीवर कडवं म्हणायचो, तू ते पुन्हा म्हणून दाखवायचास, आणि मग शब्द द्यायचास. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पाठ्यपुस्तकातल्या कविता तुझ्याइतक्या मुलांनाही पाठ नव्हत्या. टोपली विणताना तू त्या गुणगुणायचास. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा कोण? मी छाती फुगवून सांगितलं, "हा माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी." तू कामट्यांत मान घालून बसलास. लाजून, असं मला वाटलं होतं.

मी तुला दिलेलं प्रत्येक कडवं खरं होतं, सुकलाल. एक मात्राही मी इकडची तिकडे केली नाही. तू मला काय दिलंस?

हा संशय आजचा नाही. त्याचं बी तूच पेरलंस. पाचव्या की सहाव्या वर्षी असेल, तू मला तुझ्या बापाची गोष्ट सांगितलीस. कुणी एक साहेब तुमचे शब्द लिहायला आला होता. बुढ्याने त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि दिवसभर शब्द दिले. सगळे तिथल्या तिथे बनवलेले! साहेब खूश होऊन गेला आणि वस्ती आठ दिवस हसत होती.

"असं का रे?" मी विचारलं.

"आमच्या घरची रीतच हाय, गुर्जी. दारातले शब्द येगळे, चुलीपासचे येगळे. आल्यागेल्याले दारातले देऊन लावाचे."

"आणि मला?"

तू कामटी दातात धरलीस. "तुमी काय आलेगेले हा का?"

तेव्हा मला ते किती गोड वाटलं! त्या दिवशी मी तुला एकाऐवजी दोन कडवी दिली. आता तेच वाक्य मी रोज उलटसुलट करून पाहतो. तू 'नाही' म्हणाला नव्हतास. तू फक्त प्रश्न विचारलास.

आणि फुलाबाई! तुझी ती बहीण. दारामागे उभी राहून पदर तोंडाशी धरून हसायची. तू शब्द सांगितलास, मी तो मोठ्याने म्हटला, की आतून खुदकन आवाज यायचा. मला वाटायचं, माझ्या उच्चाराला हसते. मी तो पुन्हा म्हणायचो, नीट, घोटून. ती आणखी हसायची. इतक्या वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. "फुली लाजते," तू म्हणायचास. लाजणारी बाई इतकी हसते का रे?

मग ते काळे अंगठे.

तुझी आई गेली त्या वर्षाची गोष्ट. तोवर माझी बदली इकडे धामणगावला झाली होती आणि मी दिवाळीच्या सुट्टीत मलकापूरला गाडी बदलून तुझ्याकडे यायचो. त्या दिवाळीला तू म्हणालास, "गुर्जी, वही वाचून दाखवा. पह्यलेपासून." मी वाचत गेलो, तू चुलीपाशी उकिडवा बसून ऐकत होतास. आणि एकाएकी कोळशाने काळा झालेला अंगठा माझ्या पहिल्या पानावर टेकवलास!

"अरे! काय करतोस?"

"राहू द्या," एवढंच म्हणालास.

पुढे एक पान सोडलंस, दुसऱ्यावर पुन्हा अंगठा. मग चार सोडली. मी वही ओढून घेतली. किती जपलेली वही, खाकी कव्हर घातलेली, आणि तू तिला फासलंस काळं! दर वर्षी तू तेच करायचास. मी वाचायचो, तू ऐकायचास, मध्येच कोळसा. मी विचारलं तर हसून विषय बदलायचास. शेवटी शेवटी मी वही नेणंच बंद केलं.

आता वाटतं, ती खूण होती. पण कशाची? खऱ्याची की खोट्याची?

मुलगी मला दोन महिन्यांपूर्वी भेटली. चांगली आहे. शिकलेली असून नम्र आहे. ती म्हणाली, तुमच्या बोलीचं जगात कोणत्याच भाषेशी नातं सापडत नाही. शेजारच्या कोरकूशी नाही, मराठीशी नाही, हिंदीशी नाही. एकटीच आहे ती, डोंगराच्या कुशीला. मला भरून आलं. माझ्या वहीचे तिने मोबाइलवर फोटो काढले आणि तुमच्या वस्तीवर जाऊन आली. परत आल्यावर तिने चहाचा कप बाजूला ठेवला.

"सर, यातले बरेचसे शब्द तिथे कुणी ओळखत नाही."

"म्हणजे?"

"काही ओळखतात. पण कोणते, ते नीट सांगत नाहीत. तुमचं नाव घेतलं की हसतात."

हसतात! सुकलाल, मी घरी येऊन वही उघडली आणि माझंच अक्षर मला परक्याचं वाटलं. मी धावत यायला हवं होतं तुझ्याकडे. नाही आलो. रुसून बसलो, म्हातारपणी. मग निरोप आला की तुला दम लागतो, उठवत नाही. तेव्हा आलो. पण वही आणली नाही. मुद्दाम नाही आणली, आता कबूल करतो.

तू पहिला प्रश्न तोच विचारलास. "वही कुठं हाय, गुर्जी?"

"घरी."

"आनाची होती."

आणि तोंड भिंतीकडे केलंस. पुन्हा बोलला नाहीस. मी पाच वाजताच्या गाडीने परत आलो. काय सांगायचं होतं तुला? एवढं एक वाक्य तरी माझ्या पदरात टाकायचं होतंस! की अजून अंगठे उमटवायचे राहिले होते?

आणि मग चार दिवसांपूर्वीचं तुझं दिवसकार्य.

मी सकाळच्या गाडीने आलो. माणसं बसली होती, पळसाच्या पत्रावळी मांडत होते. तुमच्या बोलीत भोवती गलबला चालला होता. मी कान लावून बसलो. तासभरात माझ्या वहीतले मोजून पाच-सहा शब्द ओळखू आले. बाकी सगळा झरा नुसता वाहून गेला, हातात थेंब नाही.

तेवढ्यात फुलाबाई उठली. वाकलेली, काठी टेकत वस्तीच्या कडेला गेली, डोंगराकडे तोंड केलं आणि हाक दिली.

तीच हाक! दोन लांब, एक आखूड, आणि तुटलेला उंच सूर. तुझ्या आईची. माझ्या पहिल्या पानावरची.

 आणि दुसऱ्या क्षणी मनात प्रश्न उभा राहिला. घरी या, भाकर झाली? आज? या घरात? माणूस मातीत गेल्यावर डोंगराकडे तोंड करून कोण कुणाला भाकरीला बोलावतं? म्हणजे तो अर्थ खोटा. म्हणजे त्या हाकेचा अर्थ काही वेगळाच आहे, दुःखाचा, देवाचा, काय की. आणि तू छपरावर बसून, कवेलू हातात घेऊन, पहिल्याच दिवशी मला दारातला शब्द दिलास.

शेजारी तुझा पुतण्या बसला होता. मी त्याला विचारलं, "ही काय म्हणाली?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "ते तुमच्यासाठी नाही, गुर्जी."

मी उठलो. माझ्यासमोर पत्रावळ मांडलेली होती. वरण वाढायला माणूस दोन पानांवर आला होता. मी चपला घातल्या आणि चालायला लागलो. मागून कुणी तरी "गुर्जी, ओ गुर्जी" म्हणालं. मी वळलो नाही. नाला ओलांडून सडकेला आलो आणि मिळेल त्या गाडीत बसलो. मलकापुरात स्टँडवर उभा होतो तेव्हा कळलं, तुझ्यासाठी मला रडायचं राहूनच गेलं होतं. इतका मी रागावलो होतो.

आता हिशेब सरळ आहे, सुकलाल. पहिल्या पानावर तुझा अंगठा आहे. पहिलं पान खोटं, तर अंगठ्याची सगळी पानं खोटी, आणि अंगठ्याविना कोरी राहिलेली खरी. पहिलं पान खरं असतं तर याच्या उलट. अख्खी वही त्या एका हाकेवर टांगलेली आहे. आणि ती हाक मी माझ्या कानांनी, तुझ्या दिवसाला, भाकरीशी काही संबंध नसताना ऐकली. मग उद्या त्या मुलीला काय सांगू? काळी पानं फाडून टाक, असं? तुझ्या अंगठ्याची पानं माझ्या हाताने फाडू?

काल दिवसभर ती पानं मोजत बसलो होतो. एक गंमत सांगू? काळी पानं वाचताना आवाज येतो. पावसाच्या आधीच्या वाऱ्याला तू दिलेला शब्द आहे ना, तो म्हटला की खरंच वारा सुटल्यासारखं वाटतं. तोही काळा. म्हणजे तोही खोटा? मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की कविता आधी कानाला पटते. माझा कान इतका फसला?

आणि तरी, सुकलाल, मला एक विचारायचंय. राग बाजूला ठेवून. तुला मला फसवावंसं का वाटलं असेल? त्याचं उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच हा राग पुरा पेटत नाही.

माझे पहिले काही महिने, वहीच्या आधीचे. वस्तीवरची पोरं वर्गात आपसांत तुमच्या बोलीत बोलायची. मी त्यांना बाकावर उभं करायचो. "शाळेत मराठी!" म्हणायचो. तुझ्या धाकट्या भावाला तर एकदा हातावर छडी मारली. का, तर त्याने प्यायला पाणी तुमच्या बोलीत मागितलं. त्या संध्याकाळी तुझी आई नाल्यापाशी आली होती.  पोराचा हात आपल्या हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. त्यानंतर मी छडी जाळली, पण ती नजर काही जळली नाही. ज्या मास्तराने शब्दासाठी छडी मारली तोच वही घेऊन शब्द मागायला आला, तर त्याला कोणती आई चुलीपाशी बसवेल? तिने तुला बजावलं असेल, याला दारातच ठेव. तू आईचं ऐकलंस. तिच्या जागी मीही तेच सांगितलं असतं.

पण ती गेल्यावर तरी? मग तरी सांगायचंस! मी तुझ्याकडे तीस दिवाळ्या आलो, रे. तुझ्या चुलीपाशी बसून तुझ्या ताटात जेवलो. तेव्हाही मी दारातच होतो का?

सुमन पुन्हा डोकावून गेली. "झालं का भांडन?"

"होत आलं."

"मंग त्या पोरीले काय सांगसान उद्या?"

हो, तेच. बसून बसून मी एवढं ठरवलंय, आणि ते तुला वचन म्हणून देतो. वही मी जाळणार नाही. एकही पान फाडणार नाही, काळं नाही, कोरं नाही. पण खरी म्हणूनही देणार नाही. पहिल्या पानाच्या वर मी माझ्या अक्षरात लिहीन: यातलं खरं काय आणि खोटं काय, हे मला माहीत नाही, ज्याला माहीत होतं त्याच्या अंगठ्याचे ठसे जपून ठेवावेत. आणि खाली लिहीन की वही सुरू करण्याआधी मी याच शब्दांसाठी एका पोराला छडी मारली होती. ते छापलं तरच वही छापायची. मुलगी नाही म्हणाली तर वही माझ्याबरोबर राहील. आणि या दिवाळीला मी वही घेऊन तुझ्या ओट्यावर येईन. तू नसलास तरी पहिल्यापासून मोठ्याने वाचीन. हसायचं त्यांनी हसावं.

तुझा, अजून रुसलेला,
दामोदर गुर्जी

थांब. सही केली आणि फाटक वाजलं. सुमन उघडायला गेली आहे. खिडकीतून दिसतंय म्हणून तेवढ्यात लिहितो.

तुझा पुतण्या आहे. आणि त्याच्या खांद्याला धरून, काठी टेकत, फुलाबाई! जी कधी एसटीत बसली नाही, तालुक्याच्या बाजारापलीकडे गेली नाही, ती दोन गाड्या बदलून इथे, धामणगावात, माझ्या फाटकाशी! हातात फडक्यात काहीतरी बांधलेलं आहे.

पुतण्या सुमनला सांगतोय, मला सगळं ऐकू येतंय. "काकू, गुर्जी घरात हायेत का? त्या दिवशी ते उपाशीच गेले. आमच्यात गेलेल्या मानसाले आधी हाक देऊन जेवाले बलावतेत, मंग घरचे सारे जेवतेत. घरचं एक बी मानूस उपाशी ऱ्हायलं तं दिवस सरत नाही. चार दिवस झाले, आत्यानं तोंडात घास घेतला नाही. म्हने, गुर्जी जेवल्याबिगर नाही."

सुमन म्हणतेय, "अवं माय! आत या ना, आत या."

फुलाबाई आत येत नाही. तिने फडकं उघडलंय. भाकरी आहेत. माझ्या खिडकीकडे तोंड केलंय, हसत नाही, पदरही तोंडाशी नाही, आणि भर दुपारी, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी...

दोन लांब. एक आखूड. आणि तो उंच, तुटलेला.

सुकलाल, या हाकेला ओ काय देतात, ते मात्र वहीत नाही. तू सांगितलंच नाहीस. मी तसाच उठून जातो.